संगणक आणि सर्व्हर यांच्यात फायलींची सुरक्षित ने-आण: पहिल्या जोडणीपासून शेवटच्या पडताळणीपर्यंत

आपल्या संगणकावरील फाइल दूरच्या सर्व्हरवर पाठवताना तीन प्रश्नांची उत्तरे हातात असावी लागतात: समोरचा सर्व्हर खरोखर आपलाच आहे का, वाटेत कोणी ती फाइल वाचू किंवा बदलू शकते का, आणि पोहोचलेली फाइल पाठवलेल्या फाइलशी तंतोतंत जुळते का. बहुतेक जण दुसऱ्या प्रश्नापाशी थांबतात आणि एन्क्रिप्शन आहे म्हणजे सगळे झाले असे धरून चालतात. मी पाहिलेले बरेचसे नुकसान मात्र पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाकडे केलेल्या दुर्लक्षातून झालेले आहे. म्हणून त्या दोन टप्प्यांवर येथे मुद्दाम अधिक जागा दिली आहे.

कमांड येथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत आणि, वेगळे सांगितले नसेल तर, लहान अक्षरांत टाइप कराव्यात. ‘डॅश’ म्हणजे पुढच्या अक्षराला जोडून येणारी छोटी आडवी रेघ.

मार्ग कोणता निवडावा

फायली नेण्या-आणण्याच्या एफटीपी या प्रोटोकॉलची, म्हणजे संगणकांनी आपसांत बोलण्याच्या ठरलेल्या नियमांची, पहिली मांडणी अभय भूषण यांनी एमआयटीमध्ये असताना १९७१ मध्ये केली. त्या काळच्या नेटवर्कवर मोजकीच संगणककेंद्रे होती, त्यामुळे नाव आणि पासवर्ड उघड मजकुरात पाठवणे कोणाला खटकले नाही. साधे एफटीपी आजही तसेच चालते. २१ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर, जाणारा पासवर्ड वाटेतील ज्याला नेटवर्कवरची वाहतूक पाहता येते त्याला जसाच्या तसा वाचता येतो. पुढे हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड टिपण्याचा प्रकार घडला आणि त्यानंतर १९९५ मध्ये तेथील तातू इलोनेन यांनी एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकात एन्क्रिप्ट जोडणीने शिरण्याचे साधन, लिहिले. आज बहुतेक सर्व्हरवर चालणारे ओपनएसएसएच हे ओपनबीएसडी प्रकल्पातून १९९९ मध्ये आले.

नावांच्या सारखेपणामुळे येथे नेहमी गोंधळ होतो. एसएफटीपी हे एफटीपीला कुलूप लावून बनवलेले रूप नाही. तो एसएसएचच्या आतून, त्याच २२ क्रमांकाच्या पोर्टवरून चालणारा स्वतंत्र प्रोटोकॉल आहे. एफटीपीएस म्हणजे मात्र खरोखरच टीएलएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीचे आवरण दिलेले एफटीपी. त्यात आज्ञांसाठी एक आणि डेटासाठी दुसरी अशा वेगवेगळ्या जोडण्या लागतात, त्यामुळे नको ती वाहतूक अडवणाऱ्या फायरवॉलमधून ते नेताना पोर्टची बरीच जुळवाजुळव करावी लागते. नीट मांडलेले एफटीपीएस असुरक्षित नसते, पण निवड आपल्या हातात असेल तर मी एसएफटीपीच घेईन, कारण एकच पोर्ट उघडावे लागते आणि ओळख पटवण्याची एसएसएचची सगळी व्यवस्था आपोआप वापरता येते.

पहिली जोडणी: घाईने ‘यस’ लिहू नका

लिनक्स आणि मॅकवर एसएसएच आधीपासून असते, आणि विंडोज १० च्या २०१८ मधील सुधारणांपासून ते विंडोजमध्येही मिळते. टर्मिनल किंवा पॉवरशेल उघडून ‘एसएसएच’, मग जागा सोडून वापरकर्त्याचे नाव, ॲटचे चिन्ह आणि सर्व्हरचा पत्ता, असे लिहून एंटर दाबले की पहिल्या वेळी एक प्रश्न समोर येतो. या सर्व्हरची खात्री पटलेली नाही, त्याच्या किल्लीचा फिंगरप्रिंट असा असा आहे, पुढे जायचे का? नव्वद टक्के सुरक्षितता या एका ओळीवर उभी आहे असे म्हटले तरी मला ते वावगे वाटणार नाही, आणि हीच ओळ सर्वांत कमी वाचली जाते.

कारण असे, की एन्क्रिप्शन कोणाशीही होऊ शकते. आपल्या आणि सर्व्हरच्या मध्ये कोणी स्वतःचे यंत्र बसवले असेल, तर आपली जोडणी त्या यंत्रापर्यंत पूर्णपणे एन्क्रिप्ट असेल आणि तरीही आपण पासवर्ड टाइप करणार असलो तर तो थेट त्याच्या हातात पडेल. फिंगरप्रिंट हा सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्लीचा ठसा असतो. ‘एसएचए२५६’ आणि अपूर्णविराम, त्यापुढे त्रेचाळीस अक्षरांची माळ, असे त्याचे आजचे रूप आहे. तो पडताळण्यासाठी खरा ठसा दुसऱ्या, विश्वासाच्या वाटेने मिळवावा लागतो. सर्व्हर दुसरे कोणी सांभाळत असेल तर त्या व्यक्तीला फोन करून विचारावे. सर्व्हर स्वतःचा असेल तर सेवा पुरवणाऱ्याच्या नियंत्रण-पॅनेलमध्ये जो कन्सोल मिळतो, त्यातून आत जावे, ‘ईटीसी’ फोल्डरातील ‘एसएसएच’ या फोल्डरात पोहोचावे आणि तेथे ‘एसएसएच-कीजेन डॅश एलएफ’ या कमांडपुढे ‘एसएसएच_होस्ट_ईडी२५५१९_की.पब’ हे फाइलचे नाव द्यावे. ठसा लगेच दिसतो.

त्रेचाळीस अक्षरे डोळ्यांनी ताडून पाहताना माणूस पहिली चार आणि शेवटची चार बघून समाधान मानतो. त्यावर सोपा उपाय आहे. ओपनएसएसएचच्या अलीकडच्या आवृत्त्यांत त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल ‘यस’ लिहिण्याऐवजी कन्सोलवरून घेतलेला ठसा जसाच्या तसा चिकटवता येतो. तो जुळला तरच जोडणी पुढे जाते, आणि तुलना संगणक करतो.

एकदा स्वीकारलेली किल्ली आपल्या संगणकावर ‘नोन_होस्ट्स’ या फाइलमध्ये नोंदली जाते. पुढे कधी सर्व्हरची किल्ली बदलली आहे असा मोठा इशारा आला, तर जुनी नोंद पुसून पुढे जाण्याआधी कारण शोधावे. सर्व्हर नव्याने बसवला असेल किंवा तोच पत्ता दुसऱ्या यंत्राला मिळाला असेल, तर इशारा साहजिक आहे. तशी खात्री झाल्यावर ‘एसएसएच-कीजेन डॅश कॅपिटल आर’ आणि सर्व्हरचा पत्ता देऊन नोंद काढावी आणि नवा ठसा पुन्हा पडताळावा. कारण सापडत नसेल तर काहीही पाठवू नये.

पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी

इंटरनेटवर २२ क्रमांकाचे पोर्ट उघडे असलेल्या सर्व्हरच्या नोंदी काढून पाहिल्या तर पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न अखंड चाललेले दिसतात. एक सर्व्हरवर आणि दुसरी आपल्याकडे अशी किल्ल्यांची जोडी वापरली आणि पासवर्डने प्रवेश बंद केला की ते सगळे प्रयत्न निरर्थक ठरतात.

आपल्या संगणकावर ‘एसएसएच-कीजेन डॅश टी ईडी२५५१९’ ही कमांड द्यावी. हा किल्लीचा प्रकार ओपनएसएसएचमध्ये २०१४ पासून आहे, आणि लहान, जलद व भक्कम असल्याने नव्या किल्लीसाठी तोच घ्यावा. मग पासफ्रेज, म्हणजे किल्लीला कुलूप घालणारा गुप्त शब्दसमूह, विचारली जाते. ती रिकामी सोडण्याचा मोह टाळावा. लॅपटॉप हरवल्यास खासगी किल्ली आणि तिचा वापर यांच्यामध्ये तेवढी एकच भिंत असते. रोज टाइप करण्याचा कंटाळा येत असेल तर ‘एसएसएच-एजंट’ पासफ्रेज एकदा घेऊन किल्ली स्मरणात ठेवतो.

आता दोन फायली तयार होतात. ‘पब’ हा शेपटीचा भाग असलेली सार्वजनिक किल्ली कोणालाही देता येते. शेपटी नसलेली खासगी किल्ली संगणकाबाहेर जाता कामा नये. ती ईमेलने पाठवू नये, गप्पांच्या ॲपवर टाकू नये, प्रकल्पाच्या फोल्डरात ठेवू नये. ‘तुमची किल्ली पाठवा’ असे कोणी म्हटले, तर पाठवायची ती ‘पब’ फाइलच, आणि पाठवण्याआधी ती उघडून पाहावी: सार्वजनिक किल्ली एका ओळीची असते आणि ‘एसएसएच-ईडी२५५१९’ या शब्दाने सुरू होते. उघडलेल्या फाइलच्या पहिल्याच ओळीत ‘प्रायव्हेट की’ असे शब्द दिसले तर हात तेथेच थांबवावा.

सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर नेण्यासाठी लिनक्स आणि मॅकवर ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ ही सोपी कमांड आहे. विंडोजवर ती मिळत नाही. तेथे ‘पब’ फाइलमधील ओळ कॉपी करून सर्व्हरवरील आपल्या घर-फोल्डरात, ‘.एसएसएच’ या फोल्डरातील ‘ऑथोराइज्ड_कीज’ या फाइलच्या शेवटी चिकटवावी. चिकटवताना ती ओळ मध्येच तुटून दोन ओळी झाल्या, तर किल्ली चालत नाही आणि संदेशातून कारणही कळत नाही. त्यानंतर ‘.एसएसएच’ फोल्डरला ७०० आणि ‘ऑथोराइज्ड_कीज’ फाइलला ६०० अशा, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशा, परवानग्या द्याव्यात. त्या अधिक मोकळ्या असतील, म्हणजे इतर कोणाला त्या फाइलमध्ये लिहिता येत असेल, तर सर्व्हर त्या फाइलवर विश्वासच ठेवत नाही.

किल्लीने आत जाता येते हे दुसऱ्या खिडकीतून तपासून झाल्यावरच सर्व्हरच्या ‘एसएसएचडी_कॉन्फिग’ फाइलमध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन’ या पुढे ‘नो’ लिहावे. बदल लागू करण्याआधी ‘एसएसएचडी डॅश टी’ ही कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवून फाइलमधील चुका तपासाव्यात, आणि नवी जोडणी यशस्वी होईपर्यंत जुनी खिडकी बंद करू नये. स्वतःच्याच सर्व्हरबाहेर अडकण्याची पाळी येते ती ही खिडकी आधी बंद केल्यामुळे.

प्रत्यक्ष ने-आण

खिडकीत काम करणे ज्यांना सोयीचे वाटते त्यांच्यासाठी विंडोजवर विनएससीपी, मॅकवर सायबरडक आणि सर्वत्र चालणारे फाइलझिला आहे. फाइलझिलात साइट मॅनेजर उघडून प्रोटोकॉलच्या रकान्यात एसएफटीपी स्वतः निवडावे, कारण तेथे मुळात एफटीपी निवडलेले असते. त्यात पासवर्ड साठवायचे असतील तर मास्टर पासवर्ड ठेवावा. अन्यथा संगणकावरील त्या फाइलपर्यंत पोहोचलेल्या कोणालाही ते सहज वाचता येतात. या कार्यक्रमांतही पहिल्या जोडणीला ठशाची खिडकी येते, आणि तेथेही वर सांगितलेलीच काळजी घ्यावी.

एखादीच फाइल पाठवायची असेल तर ‘एससीपी’ पुरेसे आहे: कमांड, फाइलचे नाव, मग वापरकर्ता, ॲटचे चिन्ह, सर्व्हर, अपूर्णविराम आणि तेथील जागा. हा अपूर्णविराम विसरला तर कोणतीही चूक दाखवली जात नाही. आपल्याच संगणकावर वापरकर्ता आणि सर्व्हर यांच्या नावाची एक नवी फाइल तयार होते आणि आपण मात्र फाइल गेली असे समजून बसतो. पोर्ट वेगळे असेल तर ‘एससीपी’ आणि ‘एसएफटीपी’ या दोन्हींना कॅपिटल पी लागतो, तर ‘एसएसएच’ला लहान. हे लक्षात ठेवण्याऐवजी ‘.एसएसएच’ फोल्डरात ‘कॉन्फिग’ नावाची फाइल करून तीत सर्व्हरचे टोपणनाव, खरा पत्ता, वापरकर्ता, पोर्ट आणि किल्लीची जागा एकदा लिहून ठेवावी. मग सर्व कमांडांत ते टोपणनाव चालते. ओपनएसएसएचच्या २०२२ मधील ९.० आवृत्तीपासून ‘एससीपी’ आतून एसएफटीपीच वापरते, त्यामुळे फार जुन्या सर्व्हरशी बोलताना अडथळा आला तर ‘डॅश कॅपिटल ओ’ देऊन जुनी पद्धत वापरता येते.

पाहत-पाहत काम करायचे असेल तर ‘एसएफटीपी’ उघडावे. ‘पुट’ने पाठवावे, ‘गेट’ने आणावे. ‘एलएस’, ‘सीडी’ आणि ‘पीडब्ल्यूडी’ या कमांड सर्व्हरवर लागू होतात आणि त्यांच्याआधी ‘एल’ जोडला की त्याच आपल्या संगणकावर. अर्ध्यावर तुटलेली फाइल ‘रीपुट’ किंवा ‘रीगेट’ने पुढे चालू करता येते.

मोठ्या आणि वारंवार बदलणाऱ्या फोल्डरांसाठी मात्र ‘आरसिंक’ला तोड नाही. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये ते प्रसिद्ध केले. दोन्ही बाजूंकडील फायलींची तुलना करून फक्त बदललेले भाग पाठवणे, हे त्याचे मर्म. ‘आरसिंक डॅश एव्ही’ आणि त्याला जोडून ‘कॅपिटल पी’ दिले की परवानग्या आणि वेळा जपल्या जातात, प्रगती दिसते आणि जोडणी तुटल्यास अर्धवट भाग फुकट जात नाही. विंडोजवर ते मुळात नसते. तेथे डब्ल्यूएसएल ही विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय बसवून वापरावे.

आरसिंकमधील दोन गोष्टी हाताखालून गेल्याशिवाय नीट कळत नाहीत. पहिली, स्रोत फोल्डरच्या नावाच्या शेवटी येणारी तिरकी रेघ. ‘फोटो’ असे लिहिले तर सर्व्हरवर ‘फोटो’ हे फोल्डर जाते, आणि ‘फोटो’पुढे रेघ दिली तर फक्त त्यातील मजकूर जाऊन तेथे सगळीकडे पसरतो. दुसरी गोष्ट ‘डिलीट’ हा पर्याय, जो स्रोतात नसलेल्या फायली सर्व्हरवरून पुसतो. काही वर्षांपूर्वी मी बाहेरच्या डिस्कवरील फोल्डर रोज असे पाठवत असे. एके दिवशी डिस्क जोडली गेलीच नव्हती, तिच्या जागी रिकामे फोल्डर उभे होते, आणि आरसिंकने अगदी आज्ञाधारकपणे सर्व्हरवरची प्रतही रिकामी केली. डिस्क शाबूत होती म्हणून फायली वाचल्या. तेव्हापासून ‘डिलीट’ असलेली प्रत्येक कमांड मी आधी ‘डॅश एन’ लावून चालवतो. तेव्हा काय होणार ते फक्त दाखवले जाते, आणि ‘डिलीटिंग’ने सुरू होणाऱ्या ओळी वाचल्यावरच खरी फेरी होते.

देवनागरी नावांच्या फायलींबद्दल एक वेगळी सूचना. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी, पायमोडका हे सगळे त्यात स्वतंत्र मोजले जातात. लिनक्स सर्व्हरवरील नेहमीच्या फाइलव्यवस्थेत नाव २५५ बाइटांपेक्षा लांब चालत नाही, म्हणजे सुमारे ८५ चिन्हे. विंडोजवर मात्र याहून लांब नाव सुखेनैव राहते, त्यामुळे आपल्याकडे ठीक दिसणारी फाइल सर्व्हरवर ‘नाव फार लांब’ म्हणून नाकारली जाते. सर्व्हरवर नेण्याच्या फायलींची नावे आखूड ठेवावीत, आणि लहान-मोठ्या रोमन अक्षरांतील फरक लिनक्सवर वेगळे नाव मानला जातो हेही ध्यानात असू द्यावे.

पोहोचलेली फाइल तीच आहे का

आकार सारखा दिसला म्हणजे फाइल सारखी, असे नाही, विशेषतः तुटलेली पाठवणी पुन्हा जोडली असेल तेव्हा. पाठवण्याआधी फाइलचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने निघणारी खूण, काढावा: लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’, मॅकवर ‘एसएचएसम डॅश ए २५६’, विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’. सर्व्हरवर तोच ठसा पुन्हा काढून चौसष्ट अक्षरे जुळवावीत. विंडोजवर ती कॅपिटल अक्षरांत आणि लिनक्सवर लहान अक्षरांत दिसतात, त्या फरकाला अर्थ नाही. अनेक फायली असतील तर लिनक्सवर सर्वांचे ठसे एका मजकूर फाइलमध्ये साठवून तीही सोबत पाठवावी आणि सर्व्हरवर ‘एसएचए२५६सम डॅश सी’पुढे त्या फाइलचे नाव द्यावे. प्रत्येक नावापुढे ‘ओके’ किंवा ‘फेल्ड’ असा निकाल मिळतो. बॅकअपच्या बाबतीत हे पाऊल वगळू नये, कारण बॅकअप खराब आहे हे कळते ते नेमके मूळ फाइल गेल्यावर.

चालू संकेतस्थळावरील फाइल बदलताना ती थेट जुन्या नावावर पाठवू नये, कारण पाठवणी चालू असताना वाचणाऱ्याला अर्धी फाइल मिळते. तात्पुरत्या नावाने पाठवावी, ठसा जुळवावा आणि मग नाव बदलावे. एकाच फाइलव्यवस्थेतील नावबदल एका क्षणात होतो, मधली अर्धवट अवस्था कोणाला दिसत नाही.

सर्व्हरवर पोहोचल्यानंतरचे संरक्षण

एसएफटीपी फक्त प्रवास सुरक्षित करते. सर्व्हरवर उतरलेली फाइल तेथे उघडीच असते आणि प्रशासकाला वाचता येते. ओळखपत्रांच्या प्रती, आर्थिक कागद, रुग्णांच्या नोंदी असे काही ठेवायचे असेल तर पाठवण्याआधीच ‘जीपीजी डॅश सी’ने फाइल पासफ्रेजखाली बंद करावी आणि पासफ्रेज त्या सर्व्हरवर कोठेही ठेवू नये.

इतर कोणाला फक्त फायली टाकण्यापुरता प्रवेश द्यायचा असेल, तर त्याच्यासाठी वेगळा वापरकर्ता करावा, आपले खाते वाटू नये. सर्व्हरच्या मांडणीत त्या वापरकर्त्याच्या गटासाठी ‘फोर्सकमांड’पुढे ‘इंटरनल-एसएफटीपी’ आणि ‘सीएचरूटडिरेक्टरी’पुढे त्याचे फोल्डर लिहिले, की तो त्या फोल्डरबाहेर जाऊ शकत नाही आणि त्याला टर्मिनलही मिळत नाही. येथे सगळे एकाच ठिकाणी अडतात: ते वरचे फोल्डर आणि त्यापर्यंतची सारी वाट रूट, म्हणजे मुख्य प्रशासक, या वापरकर्त्याच्या मालकीची असावी लागते आणि इतरांना त्यात लिहिता येता कामा नये, नाहीतर जोडणी लागताच तुटते. वापरकर्त्याला लिहिण्यासाठी आत वेगळे फोल्डर करून त्याची मालकी त्याला द्यावी.

अडचण आली तर

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ दिसले तर पत्त्यापर्यंत आपण पोहोचलो आहोत, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही किंवा फायरवॉलने स्पष्ट नकार दिला आहे. ‘टाइम्ड आउट’ दिसले तर फायरवॉल निमूटपणे अडवत आहे किंवा पत्ताच चुकला आहे. ‘परमिशन डिनाइड’ आणि त्यापुढे ‘पब्लिककी’ असे आले, तर वापरकर्त्याचे नाव, ‘ऑथोराइज्ड_कीज’मधील तुटलेली ओळ आणि परवानग्या, याच क्रमाने पाहावे. कमांडमध्ये ‘डॅश व्ही’ घातले की कोणती किल्ली पुढे केली गेली आणि ती कोठे नाकारली गेली हे ओळीने दिसते. तीन वेळा ‘व्ही’ दिला तर तपशील आणखी वाढतो.

लॅपटॉप हरवला किंवा खासगी किल्ली चुकून कोणाकडे गेली असे कळले, तर पासफ्रेज मजबूत होती म्हणून वाट पाहू नये. दुसऱ्या संगणकावरून, किंवा तो नसेल तर नियंत्रण-पॅनेलच्या कन्सोलमधून, प्रत्येक सर्व्हरवरील ‘ऑथोराइज्ड_कीज’मधून ती ओळ काढावी. कोणती ओळ कोणत्या यंत्राची हे तेव्हा शोधत बसावे लागू नये म्हणून प्रत्येक यंत्रावर वेगळी किल्ली करावी आणि ती करताना ‘डॅश कॅपिटल सी’ देऊन यंत्राचे नाव आणि वर्ष टिपणात लिहावे. ते टिपण ओळीच्या शेवटी कायम दिसते. ओळ काढल्यावर आधीपासून लागलेल्या जोडण्या आपोआप तुटत नाहीत, म्हणून ‘हू’ कमांडने आत कोण आहे ते पाहावे. मात्र केवळ फायलींसाठी लागलेली एसएफटीपीची जोडणी त्या यादीत बहुधा येत नाही, त्यामुळे चालू प्रक्रियांच्या यादीत ‘एसएसएचडी’ शोधून अनोळखी जोडणी बंद करावी, आणि त्यानंतरच नवी किल्ली बसवावी.